खडूच्या शंभर रेघा

तिला घरात सगळे गोगलगाय म्हणत. लहानपणी जेवायला बसली की बाकीच्यांचे हात धुऊन वाळायचे, तरी हिचा पहिला घास गालातच. शाळेच्या वाटेवर मुंगी दिसली, तर मुंगी घरी पोचेपर्यंत ही उभी. आई कपाळाला हात लावायची. मावशी मात्र म्हणायची, असू दे, गोगलगाय आणि पोटात पाय. ही कुठे जाऊन पोचेल ते तुम्हाला कळायचंही नाही.

पोचली ती अशी, की मोठेपणी तिने शहरं पळवायला घेतली. कॅमेरा एका जागी घट्ट बसवायचा, दर दहा मिनिटांनी एक चित्र टिपायचं, आणि महिन्यामहिन्यांची ती चित्रं एकामागोमाग धावती करायची. मग चौकातली वर्दळ दुधासारखी उतू जाई, ढग गच्च्यांवरून पिंजलेल्या कापसासारखे उडत, आणि मोकळ्या जमिनीतून मजल्यावर मजले कोंबासारखे वर येत. बारा वर्षं तिने हे केलं, पण सगळं दुसऱ्यांसाठी. सिमेंटच्या जाहिरातीत आभाळ तिचं, कुणाच्या माहितीपटात पहाट तिची, आणि शेवटी नावं सरकत तेव्हा तिचं नाव शोधायला डोळ्यांत तेल घालून बसावं लागे.

म्हणून नदीवरच्या नव्या पुलाचं काम आलं तेव्हा ती दोन दिवस नीट झोपली नाही. पायाच्या पहिल्या खड्ड्यापासून उद्घाटनापर्यंत तीन वर्षं, वीस मिनिटांची फिल्म, उद्घाटनाच्या दिवशी मोठ्या पडद्यावर साऱ्या शहरासमोर, आणि खाली एकटीचं नाव. करारात एकच मेख होती. फिल्म एकदा पूलवाल्यांनी स्वीकारली की सगळी चित्रं त्यांची, त्यातून दुसरं काही करायचं नाही. नाकारली, तर चित्रं तिची. नाकारतील कशाला, असं म्हणून तिने सही केली.

कॅमेऱ्याला जागा हवी होती ती मावशीकडे मिळाली. मावशी शिवणकाम करायची, एकटीच राहायची. नदीकाठच्या घराच्या तिसऱ्या मजल्यावर खिडकीला लागून तिचं मशीन होतं आणि मशीनशेजारी रुंद फळी. फळीवर कॅमेऱ्याची पेटी बसली, एका स्क्रूने आवळलेली. मावशीने पेटीला खोळ शिवली, पेटीखाली जाड कापडाची घडी घातली, आणि पाहुणा आल्यासारखी रोज सकाळी काच पुसू लागली.

पहिल्याच रविवारी तिने विचारलं होतं, "यात होडी येते का गं?"

पुलाच्या डाव्या हाताला जुना धक्का होता. तिथून एक होडीवाला तीस वर्षं माणसं पलीकडे नेत होता.

"नाही गं मावशी. होडी चौकटीबाहेर राहते. आणि आली तरी उमटायची नाही. मी काळी काच लावून कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवते. त्यात हलतं ते पुसलं जातं. थांबतं तेवढंच उरतं."

"असं होय," मावशी म्हणाली, आणि दातांनी दोरा तोडून पुढच्या शिवणीला लागली. मशीन चालवताना ती नेहमीसारखी गुणगुणत होती:

पाणी वाहतं वाहतं, काठ जागचा हलेना,
कुणी बघतं कुणाला, कुणा कळेना कळेना.

मग रविवारामागून रविवार गेले. गोगलगाय यायची, चित्रांचं कार्ड बदलायची, चहा प्यायची. मागच्या रविवारचं चित्र आणि या रविवारचं चित्र शेजारी शेजारी ठेवायची, सगळं जागच्या जागी आहे म्हणायची आणि निघायची. पूलच दर आठवड्याला नवा दिसायचा. आज खांब, उद्या कमान, परवा तारा. बारा वर्षांच्या अनुभवाचा माणूस चुकतो तो असाच. रोज आरशात बघणाऱ्याला आपलं म्हातारपण दिसत नाही, तसं तिचं झालं. मागच्या रविवारशी ती ताडून बघत राहिली, पहिल्या रविवारशी एकदाही नाही.

उद्घाटनाला तीन आठवडे उरले तेव्हा तिने आपल्या खोलीत पडदे ओढले आणि तीन वर्षांची चित्रं जोडून चालवली. पहिलं वर्ष सोन्यासारखं. नदीतून खांब उठले, एकमेकांकडे बघत वाढले. दुसरं वर्ष सुरू झालं आणि पूल उजवीकडे सरकू लागला. धक्का नाही, झटका नाही. झोपेत कुणी मान वळवावी तसं चित्र डावीकडे वळत गेलं. शेवटच्या महिन्यात अर्ध्याहून अधिक पूल चौकटीबाहेर होता. आत उरले होते दोन खांब, त्यांची पाण्यावरची सावली, आणि डावीकडे तो जुना धक्का.

तिने चित्र थांबवलं. तशीच उठून ती मावशीकडे गेली.

मावशी कुणाच्या तरी पडद्यांना काठ लावत होती. गोगलगायीने स्क्रू सैल केला, पेटी उचलली, खालची घडी बाजूला केली. फळीवर शिंप्याच्या खडूने ओढलेल्या रेघा होत्या. एकीला लागून दुसरी, प्रत्येकीत केसभर अंतर. तिने मोजायला घेतल्या.

"शंभर आहेत," मावशी मान वर न करता म्हणाली. "दर सोमवारी एक. मोजून बघ, हात कुठे चुकला नसेल माझा."

गोगलगायीला रडू आलं, रागही आला. बारा वर्षांची वाट बघणं तू केसाकेसाने कापलंस, असं काहीसं ती बोलून गेली. मावशीने सगळं ऐकून घेतलं. मग मशीनचं चाक हाताने थांबवलं.

"पूल कुठे पळणार होता गं? उद्याही तिथेच, परवाही तिथेच. होडी बंद होणार हे ज्या सोमवारी कळलं, त्या सोमवारी पहिली रेघ ओढली."

"मला सांगायचं होतंस."

"विचारलं होतं. तू म्हणालीस, हलतं ते पुसलं जातं."

"मग? उगाच कशाला वळवलास?"

मावशी सुईत दोरा ओवत होती. दोरा पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदा गेला.

"तो हलत नाही," ती म्हणाली. "दुपारी होडी बांधली की हलत नाही."

ती पुन्हा पडद्याचा काठ लावू लागली. गोगलगायीला एकेक आठवू लागलं. होडीच्या छपराचं पांढरं कापड दर वर्षी शिवायला यायचं, कुणाच्या तरी हाती. होडीवाला स्वतः तीन जिने कधी चढला नाही. आणि ते कापड मावशी दुहेरी टाक्याने शिवायची, गिऱ्हाईक सांगो न सांगो. मावशीचं मशीन घरात इतक्या जागा असताना खिडकीलाच का, हे आईने एकदा विचारलं होतं. उजेडासाठी, असं उत्तर मिळालं होतं.

खोलीवर परतून तिने दुपारची चित्रं तेवढी वेगळी काढली, रोजची दोन. ती सावकाश चालवली. धक्क्यावर चढणारी-उतरणारी माणसं धुरासारखी विरून गेली होती. पाणी गुळगुळीत झालं होतं, चढत होतं, उतरत होतं. उन्हाचा रंग बदलत होता, पुलाची सावली दर महिन्याला थोडी लांब पडत होती. आणि सर्वांत खालच्या पायरीवर, शेकडो दुपारी, एकच माणूस लख्ख उमटला होता. मान वर करून बसलेला. कॅमेऱ्याकडे बघणारा. म्हणजे कॅमेऱ्याच्या शेजारी.

कडा कापून चित्रं सरळ करता येत होती, आणि आठवडाभरात तिने तीही प्रत केली. पूल अर्धाच दिसायचा, पण होता तो पूलच, आणि खाली तिचं नाव. कापलेल्या कडेबरोबर धक्का मात्र गेला. शेवटी दोन्ही प्रती पिशवीत घालून ती पूलवाल्या साहेबांकडे गेली. वाटेत दहादा तिचा हात सरळ प्रतीवर गेला. साहेबांच्या टेबलावर तिने दुसरी, धक्क्याकडे वळत जाणारी, ठेवली.

साहेब भले होते. शेवटपर्यंत पाहिली. मग चष्मा पुसत म्हणाले, की बाई, हा तर लग्नाचा फोटो आणि त्यात नवराच नाही. सुंदर आहे, त्यांनाही आत कुठेतरी हललं, पण उद्घाटनाला आलेल्या लोकांना पूल दाखवायचा आहे. कडा कापून काही करता येईल का?

पिशवी तिच्या मांडीवर होती. मोठा पडदा, सारं शहर, एकटीचं नाव, सगळं त्या पिशवीत होतं. आणि तिने ती उघडली असती, तर त्या शेकडो दुपारी कायमच्या कुणाच्या तरी कपाटात गेल्या असत्या.

"नाही," ती म्हणाली. "यातलं काही कापता येणार नाही."

साहेबांनी खेदाने नकाराच्या कागदावर सही केली. उद्घाटनाला त्यांनी संगणकावर काढलेला पूल दाखवला. तो म्हणे फार छान चमकत होता.

त्याच दिवशी दुपारी, सगळं गाव पुलावर लोटलं असताना, होडीवाला पहिल्यांदा तीन जिने चढून आला. गोगलगायीने त्याला सांगितलं होतं, पडद्याला कापड हवंय. तो होडीचं छप्पर घडी करून काखेत घेऊन आला होता, आता होडीला त्याचं काम उरलं नव्हतं. दारात तो चपला काढून उभाच राहिला. मावशीने खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाली की तीन जिन्यांना तीस वर्षं लावलीत, आमच्या गोगलगायीलाही मागे टाकलंत. तो हसला, बसला.

छपराचं कापड भिंतीवर ताणलं. खिडकीला पडदे ओढले. फिल्म सुरू झाली आणि मावशीच्या टाक्यांवरून नदी वाहू लागली. खांब उठले, कमानी जुळल्या, आभाळ धावलं. मग चित्राने हळूहळू मान वळवली. गर्दी विरली, पाणी निवलं, आणि पायरीवर तो एकटा उरला. उन्हात, धुक्यात, पुन्हा उन्हात.

होडीवाला पुढे झुकला. पायरीवरच्या माणसाकडे त्याने बोट केलं.

"मी एवढा वेळ वर बघत असतो?"

मावशी मांडीवरच्या पडद्याची शिवण बोटाने सपाट करत होती.

"ढगाळ दिवशी जास्त," ती म्हणाली.

कापडावर अक्षरं उमटली. आधी गोगलगायीचं नाव, एकटीचं, ठसठशीत. त्याखाली लहान अक्षरांत, कॅमेरा वळवणारा हात: मावशी. मग कापड नुसतं पांढरं राहिलं. पडदे उघडायला हवे होते, बाहेर पूल आयता उभा होता. पण पडदे उघडायला कुणी उठेना. गोगलगायही उठली नाही. थांबणं तिला पहिल्यापासून जमत होतं.