माडीवरचा चुना

आमच्या माडीची जमीन खोक्यांची होती. माझे बाबा, भाऊसो, कागलच्या एमआयडीसीत सुतारकाम करायचे. तिथं परदेशी यंत्रं भक्कम लाकडी खोक्यांतून यायची. त्या फळ्या बाबांनी टेम्पोतून आणल्या आणि रंधा मारून माडीला ठोकल्या. तरी काळी इंग्रजी अक्षरं आणि छत्रीची चित्रं पुरती गेली नाहीत. एबीसीडी मी त्या जमिनीवर पालथी पडून शिकले.

अठ्ठ्याण्णव साली हुपरीचे पाहुणे मला बघायला येणार होते. मुलगा, बुद्धभूषण, शाळेत मास्तर. चुलत बहिणीच्या लग्नात तो पंगतीत वाढत होता तेव्हाच मला आवडला होता. उगाच कशाला लाजू? हे स्थळ मोडलं असतं तर मी अंथरूण धरलं असतं.

आईला मात्र जमिनीचीच काळजी.

"पावणं खोक्यात बसल्यागत दिसतील की! चुना मारा हिला."

"लाकडाला चुना?" बाबा म्हणाले.

"भितीला चालतोय, मग हिला काय धाड भरलीया?"

बाबांचा त्या लाकडावर फार जीव. आज करू, उद्या करू म्हणत त्यांनी अगदी त्या दिवशी सकाळी कुंचला हातात घेतला. भीमजयंतीला भिंतींना मारलेला चुना उरला होता, त्यात नीळ टाकली. घाईत चुना धरून ठेवणारा डिंक घालायचा राहिला.

पाहुणे आले तेव्हा माडी पांढरीशुभ्र दिसत होती. आई खूश. बुद्धभूषणचे वडील, आण्णा, सतरंजी सोडून वाऱ्यासाठी खिडकीपाशी खालीच टेकले. मी चहा घेऊन अनवाणी आत गेले, तर तळवे जमिनीला चिकटायला लागले. मागं बघितलं तर दारापासून माझी पावलं उमटलेली, चुना निघून खालचं लाकूड दिसत होतं.

मग आण्णा उठले. त्यांची निळी पँट मागून पांढरीफटक! आईनं पदर तोंडात कोंबला. बाबा भिंतीकडं बघत उभे. झालं, जमलेलं मोडलं, असं वाटून मला रडूच फुटणार होतं.

आण्णांनी मान वळवून पँट बघितली.

"आपल्या बौद्ध लग्नात पांढरंच घालायचंय न्हवं? मी आजपास्नंच सुरवात केली म्हणायचं!"

सगळे पोट धरून हसले. बुद्धभूषण तर सगळ्यात जास्त. लग्न तिथंच ठरलं.

पुढं मी माहेरी यायची तेव्हा बाबांची खाट माडीच्या दारातच आडवी दिसायची. आई करवादायची, "जाता येता नडगीला लागतीया, पण हलवू देत न्हाईत." म्हातारपणाचा हट्ट म्हणून मी सोडून द्यायची. बाकीचा चुना केव्हाच पायांनी झिजला होता, अक्षरं पुन्हा वर आली होती.

दोन हजार सहात बाबा गेले. वर्षभरानं माझा भाऊ प्रसेनजीत माडीवर फरशी घालायला निघाला. मी आले होते, म्हणून दोघांनी मिळून खाट उचलली.

खाली चुना तसाच होता. त्यात माझी पावलं, बोटांसकट. आणि सगळ्यावरून डिंकाच्या पाण्याचा पिवळट हात फिरवलेला. त्या दिवशी राहिलेला डिंक बाबांनी नंतर एवढ्याच जागेला दिला होता.

मी त्यावर पाय ठेवून बघितला. दोन बाळंतपणांनी पाऊल रुंदावलेलं, आत मावेना. मी तिथंच खाली बसले आणि हमसून हमसून रडले.

प्रसेनजीतनं फरशीच्या गठ्ठ्याकडं बघितलं आणि खाटेचं एक टोक धरलं.

"आक्का," तो म्हणाला, "खाट परत लावूया?"