बारा औंसांचा भरवसा

मित्रांनो, तुमची-माझी ओळख नाही आणि नसलेलीच बरी. मी पाच गोळ्यांची, आखूड नळीची एक जुनी रिव्हॉल्व्हर आहे. माझं वजन बारा औंस, म्हणजे कॉफीने भरलेल्या कपाएवढं. ह्या हलकेपणाचंच मला फार कौतुक होतं. ते कौतुक कसं उतरलं, तेच आज सांगते.

माझं अंग विमानाला वापरतात तसल्या हलक्या धातूचं. कारखान्यात मला घासूनपुसून खोक्यात घातलं, तेव्हापासून मी बंदच आहे. आधी खोकं, मग अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या एका लहान गावातल्या दुकानाचं काचेचं कपाट. काचेतून रस्ता दिसायचा आणि रस्त्यापलीकडे डोंगर दिसायचा. मला वाटे, एकदा कुणी बाहेर काढलं की मी मोकळी झाले.

मला बाहेर काढलं व्हर्ना टोलफसनने. सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवून ती निवृत्त झाली होती. दुकानदार ड्वाइट लहानपणी तिच्याच बसमध्ये बसायचा.

"काय रे ड्वाइट, अजून खिडकीतून हात बाहेर काढतोस का?"

"नाही हो, मिसेस टोलफसन. आता बायको ओरडते."

व्हर्नाला डोंगरात न्यायला काहीतरी हवं होतं. ड्वाइटने आधी माझी थोरली, जाडजूड बहीण पुढे केली. "ही घ्या. जड आहे, पण उडवताना हाताला धक्का कमी बसतो. खरं विचाराल तर दोन्ही राहू द्या आणि अस्वलासाठी मिरचीचा फवारा न्या."

"फवारा आहे घरी. बंदूक जनेलला हवीय." जनेल म्हणजे तिची मुलगी. "ती म्हणते, आई, एकटी जाणार असशील तर बंदूक घेऊन जा, नाहीतर जाऊच नकोस." व्हर्नाने थोरलीला हातात तोललं आणि परत ठेवलं. "ही घेऊन चढायचं म्हणजे विटा वाहायच्या. माझ्या गुडघ्याला विचार एकदा." मग तिने मला उचललं आणि हसली. "अगं बाई, ही तर पिसासारखी!"

मित्रांनो, मी फुलून गेले. ड्वाइट मात्र मान हलवत होता.

आता ती एकटी का जायची, ते ऐका. त्या गावात ऑगस्टमध्ये हकलबेरी पिकतात. जांभळी, आंबटगोड रानफळं. ती बागेत लावून येत नाहीत. डोंगरात ज्याला जी जागा सापडली ती त्याची, आणि ती जागा कुणाला सांगायची नाही. सख्ख्या भावालासुद्धा नाही. व्हर्नाच्या नवऱ्याला, ऑरिनला, एक नामी उतार सापडला होता. मरताना त्याने तिला दोनच गोष्टी बजावल्या: ट्रकचं तेल वेळेवर बदल आणि जागा कुणाला सांगू नकोस.

शेजारची ओपल रेनर तीस वर्षं त्या जागेचा पत्ता काढून घ्यायला बघत होती.

"व्हर्ना, निदान दिशा तरी सांग!"

"वर."

"देव बघतोय हं तुझ्याकडे."

"त्यालाही नाही सांगितलेली."

डोंगरात नेण्याआधी व्हर्ना मला सरावाला घेऊन गेली. अस्वलाला लागेल अशीच गोळी घे, असं जनेलने बजावलं होतं, म्हणून तिने सगळ्यात जड गोळ्या भरल्या. पहिली उडाली आणि तिचा हात खांद्यापर्यंत झिणझिणला. दुसरी उडाली आणि तिने शिवी दिली. तिसरी उडालीच नाही. तिने चाप ओढून पाहिला. माझी गोळ्यांची चक्री जागची हलेना.

ड्वाइटने मला उघडून तिला दाखवलं. "हलकी बंदूक, जड गोळी. धक्क्याने उरलेल्या गोळ्यांची टोकं पुढे सरकली, म्हणून चक्री अडकली. हलक्या गोळ्या वापरा. आणि रोज सराव करा."

"रोज? मला पावाचं पीठ मळायला हात लागतो, ड्वाइट. जनेलला यातलं काही बोलू नकोस."

जनेलला तिने फोनवर सांगितलं, "छान चालते गं." आणि माझ्यात पुन्हा त्याच जड गोळ्या भरल्या. त्या दिवशी मला कळलं की बंद असणं म्हणजे नुसतं खोक्यात असणं नव्हे. मी माझ्याच अंगात अडकणारी वस्तू होते आणि हे सांगायला मला तोंड नव्हतं.

जायच्या सकाळी व्हर्नाने स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक वस्तू तोलली. दात घासायच्या ब्रशचा दांडा तिने आधीच अर्धा कापला होता. येताना फळांची बादली भरलेली असणार, म्हणून जाताना प्रत्येक औंस खुपत होता. शेवटी काट्याशेजारी आम्ही दोघं उरलो: मी आणि मिरचीचा फवारा. मी बारा औंस, तो तेरा.

"दोघांतलं एकच," ती म्हणाली. मग जनेलला दिलेला शब्द आठवून तिने मला उचललं. फवारा टेबलावरच राहिला.

तिने फ्रिजवर चिठ्ठी लावली, "डोंगरावर गेले. पाचला येते." कुठला डोंगर, ते लिहिलं नाही. कुणाला सुगावा लागू नये म्हणून ट्रकही मैलभर अलीकडे भलत्याच वाटेवर उभा केला. मित्रांनो, तिचं काही बरंवाईट झालं असतं तर शोधणारे त्या भलत्याच वाटेने गेले असते.

मी तिच्या पोटावरच्या पिशवीत होते, चेन लावलेल्या. आत अंधार, तेलाचा वास आणि कापडापलीकडे तिचा श्वास. इथली माणसं झाडीतून चालताना मोठ्याने हाका देतात, "ए अस्वला, मी आले रे!" अस्वल दचकू नये म्हणून. व्हर्नाही देत होती. पण उतार जवळ आला तशी ती गप्प झाली. हाक मारली तर दुसऱ्या कुणाला जागा कळेल ना!

बादलीत फळं पडण्याचा टपटप आवाज बराच वेळ येत होता. मग तो थांबला.

एक फुंकर ऐकू आली. जड, ओली. आणि मागून पिल्लांचं कुईकुई.

तिचा हात माझ्याकडे आला. चेन सर्रकन निम्मी उघडली आणि आतल्या कापडात अडकली. ती ओढत होती. मला तिची बोटं दिसत होती, फळांनी जांभळी झालेली. त्या फटीतून दोन बोटं आत आली, पण मला धरता येईना. माझं सगळं आयुष्य मी बाहेर पडायची वाट पाहिली होती. त्या घडीला मात्र मी मनात म्हणत होते, नको काढूस मला, व्हर्ना. पिल्लांच्या आईला एक गोळी लागेल, फार तर दोन. ती चवताळेल आणि मी तिथेच अडकून पडेन.

व्हर्नाने चेन सोडली. लांब श्वास घेतला. आणि सत्तावीस वर्षं आरशात बघून चाळीस पोरांना गप्प करणारा तो आवाज बाहेर आला, चढा नाही, घाईचा नाही.

"हे बघ बाई. तुझी पोरं तुझ्यापाशी, मी माझ्या वाटेला. बादली राहू दे तुला. मी चालले. बघ, चालले."

एकेक पाऊल मागे. वरून बादली उलटल्याचा आवाज आला, मग मचमच खाण्याचा. व्हर्ना पळाली नाही. ट्रकपाशी पोचल्यावर मात्र पायरीवर बसून ती खूप रडली.

घरी ओपल ओट्यावर बसली होती. "रिकाम्या हाताने? बादली कुठाय?"

"अस्वलाकडे," व्हर्ना म्हणाली. "ओपल, मी आज तिथे मेले असते तर तुम्हाला माझी हाडंसुद्धा सापडली नसती. ऐक. घोड्याच्या नालेसारखा कडा आहे ना, त्याच्या पाठीमागचा उतार."

ओपलने कपाळावर हात मारला. मग म्हणाली, "मेली, तो कडा तर माझ्या मोरीच्या खिडकीतून दिसतो!"

"म्हणून तर ऑरिन तुझ्याकडे बघून हसायचा."

पुढच्या रविवारी दोघी गेल्या. दोघींच्या पट्ट्याला फवारा, हाताशी, पिशवीबाहेर. संध्याकाळी ओट्यावर हसण्याचा आवाज आला आणि घरभर भाजलेल्या हकलबेरींचा गोड वास सुटला. त्या म्हणे वाटभर बेसूर गात गेल्या. बादली सापडली, चेपलेली.

मी आता लोखंडी पेटीत आहे. गोळ्या दुसऱ्या पेटीत, किल्ली व्हर्नाच्या गळ्यात. वर्षातून एकदा ती मला तेल देते आणि म्हणते, "तुझी चूक नाही गं. मी तुला फक्त तोलून घेतलं."

मित्रांनो, हात न बसलेल्या वस्तूवर जिवाचा भरवसा टाकू नका, ती कितीही हलकी असो. माझ्यासारखी कुणी घरात असेल तर तिला कुलपातच ठेवा. तिची कीव करू नका. आणि बाहेर पडाल तेव्हा कुठे चाललात ते एका तरी माणसाला सांगून जा. त्याचं वजन काहीच होत नाही.