पंचवीस अंशांचं खोटं

मी बोलतोय, पॉवर बँकेच्या पोटातला चार्जिंग बोर्ड. काडेपेटीएवढा जीव, पण सध्या मनात माणसांविषयी नुसती किळस भरली आहे.

उरवड्याच्या एका शेडमध्ये, जिथं पॉवर बँका बनतात, तिथल्या इंजिनिअर स्नेहलनं मला घडवलं. बॅटरी झटपट भरावी पण तापू नये, म्हणून तिनं माझी आखणी कितीदा तरी बदलली. बॅटरीला चिकटून बसणारा एक इवलासा मणी तिनं मला दिला. बॅटरी तापली की तो मला सांगायचा आणि मी विजेचा ओघ कमी करायचो. फार अभिमान होता मला त्याचा.

शेडचे मालक इंद्रजितशेठ यांना मात्र त्या मण्याचं वावडं. मी मध्येच हात आखडता घेतो, मग भरायला वेळ लागतो, ही त्यांची तक्रार.

"मणी काढून टाक. गिऱ्हाईक ताप बघत न्हाई, वेळ बघतंय."

स्नेहलनं साफ नकार दिला. मग शेठनी दुसऱ्याकडून मणी उपटवला आणि तिथं ताप न कळणारा एक साधा रेझिस्टर डकवला. तो मला एकच सांगतो, पंचवीस अंश. बॅटरी भाजत असली तरी पंचवीस अंश! आणि मी मुकाट वीज ओतत राहतो. शिसारी येते, त्यांची आणि माझीसुद्धा.

परवा घोटावड्याचे दुकानदार अलाउद्दीनभाई मोठी ऑर्डर द्यायला आले. शेठनी नमुना म्हणून माझीच पॉवर बँक चार्जिंगला लावली. बॅटरी बघता बघता भरली. शेठ तोंड भरून स्वतःचंच कौतुक करत होते, तेवढ्यात स्नेहल पुढे आली.

"शेठ, ही आत्ता तुमच्या शर्टाच्या खिशात ठेवून दाखवा."

शेठचा हात पुढे आला, तसाच मागे गेला. "शर्ट नवा हाय," ते म्हणाले.

अलाउद्दीनभाईंनी पॉवर बँकेला बोट लावलं आणि चटका बसून झटकन काढलं.

"तुमचा शर्ट नवा, अन् हे उशाशी घेऊन झोपणाऱ्या माझ्या गिऱ्हाइकाची उशी फुकटची व्हय?" एवढं बोलून ते उठून गेले.

शेठना लाज वाटेल, असं मला वाटलं होतं. पण त्यांनी लगेच दुसऱ्या दुकानदाराला फोन लावला. स्नेहलनं त्याच दिवशी नोकरी सोडली. टाकून दिलेला तो नमुना, म्हणजे मी, तिच्यासोबत जांबे गावातल्या तिच्या भाड्याच्या खोलीवर आलो. तिनं मणी परत बसवला, तेव्हा कुठे मला स्वतःची घाण वाटेनाशी झाली.

माझी भावंडं मात्र तिकडे खोक्यांत भरली जाताहेत. म्हणून हात जोडून सांगतो, किती वेळात भरतं ते विचारू नका. विकणाऱ्याला म्हणा, "ही भरल्या भरल्या आधी तुमच्या खिशात ठेवून दाखवा." आणि त्याच्या हाताकडे बघत राहा.