गिरणी थांबली की पेपर

कळंबातल्या एकूण एक बाईनं जनाला तेच उत्तर दिलं, "पेपर? नाय गं बाई, आमी कुठं वाचतो!" जना आपली 'नाही'वर खुणा करत घरोघर हिंडली. लग्नानंतरही तिनं पत्रकारितेचं शिक्षण सोडलं नव्हतं. आता पुण्याच्या परिसंवादात तिला निबंध वाचायचा होता, गावचं साप्ताहिक गावात कोण वाचतं यावर. समोर प्राध्यापक असणार, आणि खुद्द साप्ताहिकाचे मालक. कळंबला येणारा एकुलता एक अंक बंद करायचं त्यांच्या मनात घोळत होतंच. जनाच्या निबंधानं त्यावर शिक्काच बसणार!

तान्ह्याला थोपटत ती हिरमुसून बसली होती, तोच सासू, चंद्रभागा, गिरणीतून दळण घेऊन आली.

"भिवपुरीचं लगीन झाक झालं म्हणं. पेपरात आलंय."

"आई, तुम्ही तर पेपर वाचत नाही म्हणालात!"

"मग? वाचतो सिराज. आमी ऐकतो."

पुढचा अंक आला त्या दिवशी जना बाळाला कडेवर घेऊन गिरणीत हजर. सिराजनं गिरणी थांबवली, पिठाचे हात झटकले आणि पेपर उघडला. डबे घेऊन आलेल्या बाया जागच्या जागी बसल्या.

"मोठ्यानं रं सिराज, अंबाबाईला ऐकू येत नाय!"

जनानं निबंध पहिल्यापासून लिहायला घेतला. बाळ झोपेल तेवढाच, तुकड्यातुकड्यानं.

पुण्यात तिचं वाचन संपलं तसे मालक उठले. "ऐकतात हे ठीक, बाई. पण लक्षात काय राहतं त्यांच्या?"

जना तोंड उघडणार, तर मागच्या रांगेतून, नातवाला खांद्यावर टाकून उभी राहिलेली चंद्रभागाच बोलली, "ऱ्हातं की! भिवपुरीच्या लग्नात आमच्या चांगोमामाचं नाव तुमीच गाळलं. सख्खा मामा तो नवरीचा! सिराजनं पदरचं घालून वाचलं म्हणून बरं, नायतर रुसलाच असता."

सभागृह खो खो हसलं. जनाचे कान तापले, पण ती सावरून म्हणाली, "साहेब, आमच्याकडे तुमचा अंक नुसता ऐकत नाहीत, दुरुस्तही करतात."

मालकांनाही हसू आवरेना. "अंक चालू राहील. मामांचं पूर्ण नाव तेवढं लिहून द्या."

पुढच्या अंकात नाव आलं. बायांनी ते सिराजकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. आणि चांगोमामा त्या दिवशी, दळण नसताना, रिकामा डबा घेऊन गिरणीत येऊन बसला होता.