प्रॉम्प्टरच्या पेटीला जडलेला मत्सर

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. दागिन्यांची नव्हे, प्रॉम्प्टरची. हंगेरीतल्या सेगेद शहराच्या नाटकघरात रंगमंचाच्या काठाशी मी अर्धी जमिनीत रुतलेली आहे. प्रेक्षकांकडे माझी पाठ, नटांकडे तोंड. माझ्या पोटात बसून गिझेलामावशी विसरलेले शब्द हळूच पुरवतात आणि मध्यंतरात मिरचीपूड लावलेला पाव खातात.

ओतिलिया नटी म्हणून इथे प्रथम आली ती सतराव्या वर्षी. दर तिसऱ्या वाक्याला तिची नजर माझ्याकडे वळे. लोक तिच्या पाठांतराची स्तुती करत आणि मी आतल्या आत फुगत असे.

मग बुडापेस्टच्या चित्रपटवाल्यांनी तिला नेले.

"तिकडे चुकलं की पुन्हा करतात म्हणे," पडदे ओढणारा मिक्शा म्हणाला. "मावशी, आता तुमच्या बिळात उंदीरच राहणार."

"तू आहेस की रे राहायला," मावशी म्हणाल्या.

मी मात्र जळले. त्या मेल्या कॅमेऱ्याने माझी पोर पळवली होती. ती एकदा तरी चुको, असे वाईट मागणे मी देवाकडे अकरा वर्षे मागत राहिले.

अखेर ती एका नाटकात विधवेचे काम करायला परतली. मावशींना म्हणाली, "तुम्ही घरी आराम करा. माझं चोख पाठ आहे." मॅनेजर म्हणाले, "हा प्रयोग बिनचूक झाला, की या भोकावर फळ्या ठोकू."

मावशी तरीही येऊन बसल्या.

तिसऱ्या अंकात ओतिलिया अडली. चित्रपटातल्या सवयीने तिने हात वर केला, "पुन्हा घेऊ," म्हणाली आणि पुन्हा प्रवेश करायला दाराकडे चालू लागली. प्रेक्षक हसले.

मित्रांनो, माझे मागणे पुरे झाले होते. पण मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मावशींनी शब्द टाकला. तिने ऐकला नाही. दुसऱ्यांदा टाकला. तिसऱ्यांदा तो पहिल्या रांगेलाही ऐकू गेला, तेव्हा ती वळली, माझ्यापुढे गुडघ्यांवर बसली आणि तिथूनच विधवेचे भाषण तिने शेवटास नेले. टाळ्या थांबेनात.

पडदा पडल्यावर ती वाकून म्हणाली, "मावशी, तिथे हवं तितकं चुकता येतं, पण शब्द कुणी देत नाही."

"मग मला घरी का धाडत होतीस?"

"तुमची गरज लागेल, याची लाज वाटली."

सोमवारी ती पुन्हा कॅमेऱ्याकडे गेली. मत्सर अजून टोचतो. खोटे कशाला बोलू? फळ्या मात्र ठोकल्या गेल्या नाहीत. मित्रांनो, आपले माणूस दूर जाऊन मोठे झाले, तर त्याच्या पडण्याची वाट पाहू नका. मी पाहिली. ती पडली तेव्हा सावरायला मला साधा आवाजही नव्हता.