शिरेतले बुडबुडे

इंजेक्शनमधला बुडबुडा टिचकी मारून बाहेर काढणं सिस्टरच्या बोटांना झोपेतसुद्धा जमलं असतं. शिरेत हवा म्हणजे साक्षात यम, असं ती वॉर्डातल्या शिकाऊ पोरींना दरडावून सांगायची. आणि आज तिच्याच लेकीच्या शिरेत मुद्दाम बुडबुडे सोडणार होते.

लेक पाच वर्षांची. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून घरात तिचं नाव खारूताई. पोट दुखतं म्हणून सोनोग्राफी केली, तर दुखणं राहिलं बाजूला आणि यकृतात लिंबाएवढा डाग सापडला. तेव्हापासून सिस्टरच्या घशाखाली घास उतरत नव्हता. मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात ते काही खोटं नाही.

"सीटी स्कॅन शक्यतो नको," सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यात किरणं लागतात, शिवाय हिला गुंगी द्यावी लागेल. या बुडबुड्यांच्या तपासणीत किरणं नाहीत, नेहमीचीच सोनोग्राफी. फक्त औषधात बुडबुडे असतात, रक्तातल्या पेशींहून बारीक. ते श्वासावाटे निघून जातात. डाग उजळला आणि तसाच राहिला, तर काळजी मिटली."

"आणि नाही राहिला तर?"

"उजळून काळा पडला, तर पुढच्या तपासण्या करू."

पुढच्या तपासण्या! हे शब्द सिस्टरने स्वतः किती नातेवाइकांना ऐकवले होते, आणि असेच हळू आवाजात.

खारूताईला टेबलावर निजवलं. "अजिबात हलायचं नाही हं," सिस्टर म्हणाली. "हललीस तर सगळं बिघडेल."

"अहो, बोलली, थोडी हलली तरी चालतं," डॉक्टरीणबाई हसल्या. पण सिस्टरचं लक्ष होतं कुठे? तिथली तरुण नर्स औषधाची बाटली हलवत होती. दुधासारखं पांढरं, बुडबुड्यांनी भरलेलं औषध तिने सिरिंजमध्ये ओढलं, खारूताईच्या हाताला लावलेल्या नळीला जोडलं आणि दाबलं.

पांढरी रेघ लेकीच्या हाताकडे सरकली. सिस्टरची नजर पडद्यावर खिळली. तिथे सगळं काळं होतं, आणि काळंच राहिलं.

"काळा पडला," ती पुटपुटली. "बाई, काळा पडला हो!"

"आधी उजळू तर द्या," डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. "यकृतच दिसत नाहीये. औषध गेलं ना?"

"पुढे जातच नाही, मॅडम," नर्स म्हणाली. मग तिने खाली पाहिलं. "सिस्टर... नळी सोडा."

सिस्टरच्या अंगठ्याने आणि बोटाने नळी गच्च चिमटून धरली होती. कधी धरली, तिचं तिलाही कळलं नव्हतं. इतक्या वर्षांची सवय, ती काय विचारून येते?

कोणी रागावलं नाही. तेच जास्त लागलं. दाबलेलं औषध वाया गेलं होतं, नर्सने नवी बाटली काढली. या वेळी सिस्टरने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि पांढरी रेघ जाताना उघड्या डोळ्यांनी बघितली. आपण लेकीला मारतोय, असंच तिला वाटत होतं.

पडद्यावर एक ठिणगी दिसली. डाग मधून उजळला, कडेपर्यंत भरला. मग वाट बघणं. यकृत उजळलं. सिस्टर मनात एकच घोकत होती, काळा पडू नकोस, बाबा, काळा पडू नकोस.

"नाही पडला," अखेर डॉक्टरीणबाईंनी खुर्ची मागे सारली. "साधी गाठ आहे. अधूनमधून नुसती बघत राहायची. जा, पेढे वाटा!"

सिस्टर तोंडाला पदर लावून हुंदके देत हसली. नर्सही हसली, पोटावरची जेल पुसू लागली. आणि थांबली.

खारूताई लाकडासारखी पडून होती. मुठी आवळलेल्या, पाय ताठ. डोळ्यांतलं पाणी ओघळून कानात साचलं होतं, पण पुसायला तिने हात उचलला नव्हता.

"आई," ओठसुद्धा न हलवता ती म्हणाली, "आता हलले तर बिघडेल का गं?"