तीन दिवसांची गव्हर्नर

त्या वर्षी अमेरिकेत खुर्च्यांना पाय फुटले होते. नोव्हेंबरात नवा राष्ट्राध्यक्ष निवडून आला, जानेवारीत त्याने शपथ घेतली आणि पहिल्याच आठवड्यात आमच्या गव्हर्नरांना शेतीमंत्री करून वॉशिंग्टनला उचलून नेलं. गव्हर्नर गेले म्हणून उपगव्हर्नर ब्रॅडली स्टॉफर गव्हर्नर झाले. उपगव्हर्नरची खुर्ची रिकामी राहिली ती राहिलीच. आमचा कायदा सांगतो की उपगव्हर्नर नसेल तर गव्हर्नरच्या पाठोपाठचा मान राज्याच्या सिनेटच्या, म्हणजे वरच्या सभागृहाच्या, सभापतीचा. सभापती होत्या वर्ना टॉलेफसन. वय अडुसष्ट, आधीचा उद्योग शाळेची बस चालवणे.

वर्नाबाई सभापती झाल्या त्या कुणाच्या प्रेमाने नव्हे. पक्षात दोन गट होते आणि एकमेकांचं तोंड बघत नव्हते. दोघांच्या भांडणात तिसरीचा लाभ झाला. ही बाई कुणाच्या अध्यात ना मध्यात, हिला बसवली की कुणालाच त्रास नाही, असा दोन्हीकडचा हिशेब. जिने वर्षानुवर्षं चाळीस कार्टी पाठीमागे घेऊन बर्फातून बस चालवली तिला त्रास देता येत नाही, असं कुणाच्या मनात कसं आलं देव जाणे.

बाईंच्या मनात मात्र एकच गोष्ट होती. त्यांच्या जिल्ह्याच्या इस्पितळातलं बाळंतपणाचं दालन जूनअखेर बंद होणार होतं. पुढचं इस्पितळ दीड तासावर, तेही रस्ता कोरडा असेल तर. जोलीन स्टुबी ही पोर लहानपणी त्यांच्याच बसमधून शाळेत जायची. दोन हिवाळ्यांपूर्वी ती त्या रस्त्यावर नवऱ्याच्या पिकअपमध्ये बाळंत झाली आणि बाळ राहिलं नाही. दफनाच्या वेळी बाईंनी तिचा हात धरून सांगितलं होतं, "पुढच्या खेपेला तू रस्त्यात नसशील." जोलीनला आता पुन्हा दिवस गेले होते. ऑगस्टची तारीख होती.

म्हणून बाईंनी कायदा लिहिला. छोट्या इस्पितळांतली अशी दालनं सरकारी पैशाने चालू ठेवायची, एवढाच. याच्या विनवण्या कर, त्याला दटाव, असं करत अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी दोन्ही सभागृहांतून तो मंजूर करून घेतला. तो गव्हर्नरांच्या टेबलावर गेला आणि तिथे त्याचं भिजत घोंगडं झालं. स्टॉफर ना सही करीत, ना नाकारीत. पैसा सोडायचा नव्हता आणि उघड नाही म्हणून वाईटपणाही नको होता. ताकास तूर लागू देत नव्हते. अधिवेशन संपल्यावर ठरल्या मुदतीत सही झाली नाही तर कायदा आपोआप मरतो. मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता संपत होती. स्टॉफर बुधवारी पहाटे वॉशिंग्टनला गेले, राष्ट्राध्यक्षांनी बोलावलेल्या गव्हर्नरांच्या बैठकीला. परत येणार शनिवारी. म्हणजे कायदा मेला तरी हाताला रक्त नको. काही माणसं मुंगीलासुद्धा दुसऱ्याच्या पायाने चिरडतात.

बुधवारी सकाळी वर्नाबाई तव्यावर अंडी फोडत होत्या तेव्हा दार वाजलं. दारात क्विंटाना नावाचा राज्य पोलिसांचा उंचच उंच शिपाई उभा होता.

"बाई, गव्हर्नरसाहेबांचं विमान हद्दीबाहेर गेलं. ते येईपर्यंत गव्हर्नर तुम्ही. मी तुमच्या बंदोबस्ताला."

"माझ्या? माझ्यावर कोण हल्ला करणार रे, कोंबड्या?"

"प्रथा आहे, बाई."

प्रथा घोड्यांच्या काळातली. तेव्हा हद्दीबाहेर गेलेला गव्हर्नर महिना महिना सापडायचा नाही, म्हणून कायद्यातच लिहून ठेवलं होतं की तो बाहेर असेपर्यंत सगळा अधिकार पाठोपाठच्या माणसाचा. घोडे गेले, विमानं आली, कायदा तसाच राहिला. फक्त त्याच्यावर एक अलिखित शिरस्ता बसला की प्रभारी गव्हर्नरने गप्प बसायचं. मधमाशी सप्ताह जाहीर करायचा, फोटो काढायचा, घरी जायचं. तो आजवर कुणी मोडला नव्हता, म्हणून स्टॉफर निर्धास्त होते.

बाईंनी क्विंटानालाही अंडी वाढली. तो खात असताना त्या खिडकीशी उभ्या राहून विचार करत होत्या. सगळा अधिकार. असंच लिहिलंय ना?

गुरुवारी दुपारी त्या ऑर्व्हिल म्यूसरबरोबर विधिमंडळासमोरच्या खानावळीत बसल्या. ऑर्व्हिल सिनेटमधला त्यांचा जुना सोबती. एका बाकावर बसून दोघं म्हातारे झाले होते. त्याने रुबार्बच्या आंबट देठांचा गोड केक मागवला, बाईंनी नुसती कॉफी घेतली, आणि मनातलं सांगून टाकलं.

ऑर्व्हिलचा काटा हवेतच थांबला. "अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"आहे. म्हणून तर शुक्रवारच्या आत करायचंय."

"वर्ना, नीट ऐक." त्याने इकडेतिकडे बघून आवाज उतरवला. "वॉशिंग्टनमधले आपले म्हातारे खासदार थकलेत. शरद ऋतूत राजीनामा देणार. त्यांची जागा स्टॉफरला हवी आहे. रिकामी जागा गव्हर्नरने भरायची असते, आणि स्वतःची नेमणूक स्वतः केलेली शोभत नाही. म्हणून तो गव्हर्नरपद सोडेल, आणि मग गव्हर्नर कोण? तू. तीन दिवसांची नाही, चांगली सव्वा वर्षाची. तेव्हा एक काय, दहा दालनं उघड. आत्ता फक्त तोंड मिटून बस."

"दालन जूनमध्ये बंद होतंय. दाया आणि डॉक्टर निघून गेले की परत येतात होय?"

"एका बाईसाठी एवढं?"

"तिचं नाव जोलीन आहे. आणि ती एकटी नाही."

"स्टॉफर तुला सभापतिपदावरून काढेल. पक्ष त्याच्या मुठीत आहे. हातातोंडाशी आलेला घास घालवशील तू."

बाईंना घास दिसत नव्हता असं नाही. शेणाने माखलेले बूट घालून वाढलेली बाई ती, आईने भाड्याच्या शेतात जन्म काढलेला. राज्याची गव्हर्नर म्हणवून घ्यायला कुणाला नको असतं? त्या रात्रभर जाग्या राहिल्या नाहीत, पण जेवण गेलं नाही एवढं खरं.

शुक्रवारी सकाळी त्या गव्हर्नरांच्या कचेरीत पोचल्या. कचेरीच्या प्रमुख कॉरिन पिट्स स्वागताला उभ्याच होत्या, फोटोवाल्यासकट. कॉरिनबाईंनी टेबलावर मधमाशी सप्ताहाचा कागद ठेवला. वर्नाबाईंनी मनापासून सही केली. मधमाशांशी त्यांचं वाकडं नव्हतं.

"छान. हात मोकळा झाला," त्या म्हणाल्या. "आता इस्पितळाचा कायदा आण."

कॉरिनबाईंचं हसू जागच्या जागी विरलं. "बाई, तशी प्रथा नाही."

"कायदा आहे का तसा, की मी सही करू नये?"

"कायदा नाही, पण..."

"मग आण. आणि साहेबांना फोन लाव. मला चोरून काही करायचं नाही."

फोन लागला. कॉरिनबाईंनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला, साहेबच हिला झापतील या आशेने. क्विंटाना दाराशी उभा होता.

"वर्नाबाई, बोला, काय म्हणतं राज्य?" स्टॉफरांचा आवाज न्याहारी झाल्यासारखा खूश होता.

"राज्य बरं आहे, साहेब. तुम्ही कुठे आहात?"

"हॉटेलात. राष्ट्राध्यक्षांकडे निघतोय."

"वॉशिंग्टनमध्येच ना?"

"नाही तर काय चंद्रावर? का हो?"

"कॉरिन, तू ऐकलंस. क्विंटाना, तूही ऐकलंस." बाईंनी चष्मा लावला. "साहेब, इस्पितळाचा कायदा माझ्यापुढे आहे. मी सही करतेय."

 मग स्टॉफर बोलले, आणि 'वर्नाबाई'तली बाई गळून पडली. "हात लावू नकोस. मी उद्या येतोय."

"उद्या तो मेलेला असेल. तुला नको होता तर बुधवारी निघण्याआधी नाही म्हणायचं होतंस, ब्रॅडली. तुझ्या नावाने, सगळ्यांच्या देखत. तसं केलं असतंस तर मी आज घरी असते."

"तू खुर्चीवर राहणार नाहीस. कळतंय का तुला काय घालवतेयस?"

"काल एकाने सविस्तर सांगितलंय," बाई म्हणाल्या, आणि सही केली. पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, तिसरीच्या पोरीसारखं. मग खाली वेळ घातली. अकराला दहा कमी. 

स्टॉफर धावतपळत संध्याकाळच्या विमानाने आले. वकील बसवले, पुस्तकं उघडली. वकिलांनी शेवटी तोंड वाकडं करून सांगितलं की सही पक्की आहे. स्वतः गव्हर्नरनेच साक्षीदारांसमोर आपण हद्दीबाहेर असल्याचं सांगितलं होतं, मग कशाच्या जोरावर लढायचं? दालन चालू राहिलं.

जूनमध्ये स्टॉफरांनी एक दिवसाचं खास अधिवेशन बोलावलं. सभापतींना हटवण्याचा प्रस्ताव आला. आमच्या सिनेटमध्ये असा प्रस्ताव मतालाही सभापतीनेच टाकायचा असतो. वर्नाबाई उभ्या राहिल्या आणि रोज वाचत तशा आवाजात वाचू लागल्या. मांडणाऱ्याचं नाव वाचताना मात्र त्यांना एकदा थांबावं लागलं. सिनेटर ऑर्व्हिल म्यूसर.

ऑर्व्हिल समोरच बसला होता. टेबलाकडे बघत होता.

"प्रस्तावाच्या बाजूने असतील त्यांनी होय म्हणावं," बाई म्हणाल्या.

होयचा आवाज छताला लागला.

"विरुद्ध असतील त्यांनी नाही म्हणावं."

दोनतीन आवाज आले, घाबरत घाबरत.

"होयचं बहुमत आहे," त्यांनी सांगितलं आणि हातोडा आपटला. मग पायऱ्या उतरून त्या मागच्या बाकावर जाऊन बसल्या. नवा सभापती म्हणून ऑर्व्हिलची निवड झाली तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. दुखलं त्यांना. स्टॉफरचं त्यांना काहीच वाटलं नव्हतं, तो परका. हा बाकावरचा होता. प्रसाधनगृहात जाऊन त्या पोटभर रडल्या, तोंड धुतलं आणि दुपारच्या कामकाजाला हजर झाल्या.

ऑगस्टमध्ये जोलीनच्या कळा ठरल्या दिवसाच्या आधीच सुरू झाल्या. दालनात पोचल्यावर कळलं की बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा आहे. डॉक्टरांनी तिथल्या तिथे पोट उघडून बाळ बाहेर काढलं. मुलगी, काळीनिळी, आणि मग एकदम लाल. वर्नाबाई भेटायला गेल्या तेव्हा जोलीन भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"वर्नामावशी," ती म्हणाली, "मी सारखा विचार करतेय, रस्त्यात असते तर..."

"रस्त्यात नव्हतीस," बाई म्हणाल्या, आणि पाळण्यातली पोर उचलून तिच्या कुशीत दिली.

ऑक्टोबरात सगळं ऑर्व्हिलने सांगितल्याबरहुकूम झालं. म्हाताऱ्या खासदारांनी राजीनामा दिला, स्टॉफरांनी गव्हर्नरपद सोडलं आणि ऑर्व्हिल म्यूसर राज्याचा गव्हर्नर झाला. शपथेनंतरची त्याची पहिली सही स्टॉफरना वॉशिंग्टनला पाठवण्याची. त्या सहीसाठीच तर जूनमध्ये त्याला खुर्ची मिळाली होती. शपथेच्या वेळी वर्नाबाई गर्दीत मागे उभ्या होत्या. बायबलवर ठेवलेला तो हात त्यांचा असायचा होता. त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला, नजर काढली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑर्व्हिल कचेरीत आला तेव्हा त्या दाराबाहेरच्या बाकावर बसलेल्या होत्या. कॉरिनबाईंनी त्यांना मुकाट्याने कॉफी दिली होती.

ऑर्व्हिलने त्यांना आत घेतलं, दार लोटलं आणि टेबलामागे जाऊन बसला. "वर्ना, राग आहे ना माझ्यावर?"

"आहे. मरेपर्यंत राहील."

"मला दुसरा मार्ग नव्हता गं."

"ते राहू दे. बेट्सफील्डचं बाळंतपणाचं दालन नाताळात बंद होतंय. ते इस्पितळ मोठं, माझ्या कायद्यात बसत नाही. गव्हर्नरच्या राखीव निधीतून भागेल, तुझ्या एकट्याच्या सहीने."

"आज माझा पहिलाच दिवस आहे."

"मला तीनच मिळाले होते."

ऑर्व्हिलने खाली मान घातली. "विचार करतो," तो म्हणाला.

"कर," वर्नाबाई म्हणाल्या. त्यांनी कोट काढून खुर्चीच्या पाठीला अडकवला आणि त्याच्या समोर बसल्या.